व्हरांड्यातली मेजर

वसंता मॅडमना नकाराचं पत्र लिहिलं ते मीच. टाइप मी केलं, संघटनेचा शिक्का मी मारला आणि खाली ‘सचिव’ म्हणून सहीही माझीच. तेव्हा ही हकिकत सांगताना स्वतःला सोवळ्यात ठेवण्यात अर्थ नाही.

मी कृष्णकांत गावडे, नायब सुभेदार, निवृत्त. मूळचा चंदगडकडचा. फौजेत चोवीस वर्षं रणगाड्यांची इंजिनं खोलली आणि जोडली, मग इथं चेन्नईजवळच्या आवडीला, रणगाड्यांच्या कारखान्यात तेच काम आणखी सतरा वर्षं केलं. त्यानंतर गावी परतायचं ठरलं होतं. पण मुलगी ऋचा शहरात, नुंगंबाक्कमला, एका कंपनीत चिकटली, आणि बायकोला, अलकनंदाला, शेजारणींशी तमिळमध्ये भांडता यायला लागलं. जिथं माणसाला भांडता येतं ते त्याचं घरच झालं. राहिलो.

आवडीत दर चौथ्या घरात एक माजी सैनिक सापडेल. तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या संघटनेचं सभागृह आहे. सभागृह म्हणजे सिमेंटच्या पत्र्याचं छप्पर, बाहेर व्हरांडा, आत शंभर प्लास्टिकच्या खुर्च्या आणि दोन कॅरम. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला सभा. कँटीनमध्ये काय आलं, दवाखान्यात कुठलं औषध संपलं, हयातीचे दाखले कुठं काढायचे, कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाचा गुडघा, असं सगळं तिथं निघतं. मग फिल्टर कॉफी आणि सुंडल, म्हणजे ओलं खोबरं घातलेली चण्याची कोरडी उसळ. ती आमच्या बायका करतात. त्यांचा महिला विभाग आहे आणि त्याची प्रमुख अलकनंदा. आणि कुणी सभासद गेला की आम्ही टोप्या आणि पदकं चढवून त्याच्या दारी जातो. संघटनेचा झेंडा त्याच्या अंगावर घालतो, बिगूल वाजतो, सॅल्यूट होतो. खरं सांगायचं तर निम्मे लोक या शेवटच्या कामासाठीच सभासद होतात.

अध्यक्ष सुभेदार मेजर गुरुमूर्ती. त्यांनी पंच्याहत्तरी गाठली होती, पण पाठ अजून ताठ. एकाहत्तरच्या लढाईत उजव्या हाताची दोन बोटं गेली. माणूस सचोटीचा. संघटनेची घटना त्यांनीच वीस वर्षांपूर्वी बसून लिहिली होती आणि ती त्यांना पाठ होती.

तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये मी सभागृहात एकटाच बसून फोनवर गावाकडच्या भावाला झापत होतो. फोन ठेवला तर दारात एक बाई उभी. उंच, सावळी, पांढरे केस मानेवर घट्ट बांधलेले, खांद्याला कापडी पिशवी.

“तुम्मी मराठे की काय?” तिनं विचारलं. “बरें झालें. अर्ज मराठींत भांडून देतां येईल.”

मराठी होती, पण अशी मराठी मी कधी ऐकली नव्हती. शब्द आजोबांच्याही आजोबांचे आणि हेल अस्सल तमिळ.

“आम्मी तंजावरचे,” ती म्हणाली. “तीनशें वर्षें झालीं इक्कडे येऊन. अजून कुणी परत बोलावलें नाही.”

तिचं नाव वसंता राव. मेजर वसंता राव, मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस, निवृत्त. वय अडुसष्ट. वडील तंजावरला शाळामास्तर. पोरगी फौजेत नर्स होणार म्हटल्यावर त्यांनी दोन दिवस अन्न घेतलं नव्हतं. परक्या पुरुषांची अंगं पुसायची, हे त्या घराला झेपणारं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिनं स्वतःची ट्रंक स्वतः उचलली आणि स्टेशनवर गेली. पुढं पठाणकोट, तेजपूर, लेह, श्रीनगर. लग्नाची स्थळं दोनदा आली आणि ‘रात्रपाळी’ हा शब्द ऐकून दोनदा परत गेली. तिसऱ्यांदा तिनंच नको म्हणून कळवलं. आई थकल्यावर नोकरी सोडून तंजावरला आली, आईचं सगळं केलं, आणि आई गेल्यावर आवडीला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. आवडीच का, तर फौजेत पहिल्या नेमणुकीवर तिची वरिष्ठ असलेली संयुक्ता नावाची एक म्हातारी नर्स इथंच दोन गल्ल्या पलीकडे राहत होती आणि तिला आता चालवत नव्हतं.

मी अर्ज घेतला. सगळे कागद चोख होते. मी गुरुमूर्ती साहेबांपुढे ठेवला.

साहेबांनी चष्मा पुसला, अर्ज दोनदा वाचला आणि घटनेचं तिसरं कलम बोट ठेवून दाखवलं. ‘सभासद म्हणजे भूदल, नौदल वा वायुदलातून निवृत्त झालेला सैनिक.’

“नर्स कुठं लिहिलंय?” ते म्हणाले. “बाईंना महिला विभागात घ्या. मानानं घ्या. पहिल्या रांगेत बसवा.”

“साहेब, त्या मेजर आहेत. हुद्द्यानं आपल्या सगळ्यांच्या वर.”

“मग शहरात अधिकाऱ्यांची संघटना आहे. तिथं जाऊ देत.”

मी वाद घातला नाही. पत्र लिहिलं. सोबत महिला विभागाचा अर्ज जोडला. ‘आपले सहर्ष स्वागत आहे’ असंही लिहिलं, कारण ते आमच्या नमुन्यातच होतं.

आठवड्यानं तो अर्ज परत आला. त्यात एक रकाना होता, ‘पतीचा हुद्दा’. त्यापुढं ठळक, सरळ अक्षरात लिहिलं होतं: ‘पती नाही. हुद्दा माझा. मेजर.’ आणि खाली एक ओळ: ‘शहर लांब आहे. माझं घर इथं, शेजारी इथं. मेल्यावर खांदा द्यायला शहरातून कोण येणार?’

ऑगस्टच्या सभेला त्या आल्या. बरोबर दहाला. पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसल्या. साहेबांनी घंटा वाजवली आणि म्हणाले, “सभेत फक्त सभासदांना बसता येतं. पाहुण्यांना व्हरांड्यातून ऐकायची मुभा आहे. कलम अकरा.”

वसंता मॅडम उठल्या. मला वाटलं, आता निघून जातील. थोडं हायसंही वाटलं. त्या व्हरांड्यात गेल्या आणि खिडकीपाशी उभ्या राहिल्या. मी कॉफीच्या निमित्तानं बाहेर जाऊन खुर्ची देऊ केली.

“नको,” त्या म्हणाल्या. “कलमांत बसण्याचें कांही लिहिलें नाही. मी उभी राहतें.”

दोन तास उभ्या राहिल्या. उजव्या गुडघ्याला पट्टा होता. सभा संपल्यावर सगळ्यांना नमस्कार केला आणि गेल्या. सप्टेंबरला पुन्हा आल्या. ऑक्टोबरला धो धो पाऊस. व्हरांड्यात छत्री उघडून उभ्या. आत आम्ही ऐंशी म्हातारे पंख्याखाली बसलेलो आणि खिडकीत ती छत्री. एकदा साहेब दवाखान्याच्या वेळा वाचून दाखवत होते तर खिडकीतून आवाज आला, “हृदयरोगाचे डॉक्टर आता बुधवारी नाही, शुक्रवारी येतात.” साहेब थांबले, खिडकीकडं न बघता पुन्हा “बुधवार” म्हणाले आणि पुढं गेले. त्या आठवड्यात नऊ जण बुधवारी जाऊन हात हलवत परत आले.

मग एकदा साहेबच व्हरांड्यात गेले. आम्ही आतून कान लावले.

“मॅडम, मी तुमचा अपमान करत नाही,” ते तमिळमध्ये म्हणाले. “पण सैनिक म्हणजे ज्यानं हत्यार उचललं तो. तुम्ही कधी गोळी झाडलीत?”

“नाही,” त्या म्हणाल्या. “पण गोळी कुठं कुठं लागते ते तुमच्यापेक्षा जास्त पाहिलंय. नव्याण्णव साली श्रीनगरला अकरा दिवस मी इस्पितळाच्या बाहेर पाऊल टाकलं नाही. कारगिलच्या डोंगरांवरून आणलेली पोरं बुटांसकट यायची. बूट कापून काढावे लागायचे. त्यांतल्या एकानंही मला विचारलं नाही की सिस्टर, तुम्ही सैनिक आहात का.”

साहेबांनी नमस्कार केला आणि आत परतले. पण कलम बदललं नाही.

माझ्या घरात वेगळंच चाललं होतं. अलकनंदाला या बाईंचा राग होता.

“महिला विभाग म्हणजे काय कमी दर्जाचा?” ती मला म्हणायची. “पंधरा वर्षं राबतोय आम्ही. त्यांना आमच्यात बसायची लाज वाटते का?”

जानेवारीत महिला विभागाची सहल चेन्नईजवळच्या कोवलमला निघाली. अलकनंदानं मुद्दाम वसंता मॅडमना बोलावलं. मला वाटतं, चार शब्द सुनवायलाच. त्या आल्या. पुढचं मला अलकनंदानं संध्याकाळी सांगितलं. किनाऱ्यावर होड्या लागल्या होत्या, मासे विकणाऱ्या बायकांचा ओरडा चालला होता आणि बाकीच्या जणी पाण्यात पाय बुडवून फोटो काढत होत्या. या दोघी एका उलट्या घातलेल्या होडीला टेकून बसल्या.

“तुम्ही आम्हाला हिणवता,” अलकनंदा सरळ म्हणाली.

“नाही ग. तुझ्या हातचें सुंडल मी खिडकींतून खाल्लें आहे. उत्तम असतें.” मॅडमनी साडीला लागलेली वाळू झटकली. “एक सांग. सहल कुठें न्यायची, तें कोण ठरवतें?”

“आम्ही सुचवतो. कमिटी मंजूर करते.”

“कमिटींत तुम्मी किती?”

“एकही नाही.”

“मत आहे?”

“नाही.”

“सरी,” त्या म्हणाल्या. तमिळमध्ये ‘बरं, ठीक’ म्हणतात तसं. आणि समुद्राकडं बघत बसल्या. पुढं एक शब्द बोलल्या नाहीत.

“बोलल्या असत्या तर मी भांडले असते,” अलकनंदा मला म्हणाली. “गप्प बसल्या, म्हणून बसमध्ये अख्खा रस्ता माझं डोकं भणभणत होतं.”

फेब्रुवारीत संयुक्ता कॅप्टन गेल्या. वय चौऱ्याऐंशी. सकाळी सात वाजता मॅडमचा मला फोन आला. रडणं नव्हतं.

“गावडे, संयुक्ता पहाटें गेली. अंत्ययात्रा अकरा वाजतां. मला संघटनेचा झेंडा, पुष्पचक्र आणि बिगूल हवा.”

मी साहेबांना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “मला वाईट वाटतं,” ते म्हणाले. “पण त्या सभासद नव्हत्या. आज एकीला दिलं तर उद्या कुणाला नाही म्हणायचं? नियम एकदा वाकला की वाकला.”

मी मॅडमना तसं कळवलं.

“त्यांनी बत्तीस वर्षें नोकरी केली,” त्या म्हणाल्या. “ठीक. मी एकटी जातें. मला सॅल्यूट करायला कुणाची परवानगी लागत नाही.”

फोन बंद झाला. मी आंघोळ केली, इडली पुढ्यात घेतली, तशीच बाजूला सारली. सभागृहातल्या कपाटाची किल्ली माझ्याच कमरेला होती. झेंडा त्या कपाटात, बिगूलही त्याच कपाटात.

अलकनंदा समोर उभी होती. म्हणाली, “मी जाणार आहे तिकडं. तुम्ही तुमचं बघा.”

आता मी काही फार धाडसी माणूस नाही. फौजेत चोवीस वर्षं मी हुकूम पाळले, कारखान्यात सतरा वर्षं फोरमनचं ऐकलं. पण त्या सकाळी मला ते पत्र आठवलं, ‘सहर्ष स्वागत’वालं, आणि माझीच मला शिसारी आली. उठलो, टोपी घातली, पदकं लावली. वाटेत राममूर्तीच्या दाराची कडी वाजवली. राममूर्ती म्हणजे आमचा बिगूलवाला. पलटणीच्या बँडमधून निवृत्त झालेला, वय ऐंशी, तोंडात कवळी. त्याला सगळं सांगितलं.

“अध्यक्षांची परवानगी आहे?” त्यानं विचारलं.

“नाही.”

तो आत गेला. मला वाटलं, दार लावून घेतो की काय. टोपी घालून बाहेर आला. “चल,” म्हणाला. “माझं अपेंडिक्स फुटलं होतं तेव्हा एका सिस्टरनं तीन रात्री माझ्या तोंडच्या आई-बहिणीच्या शिव्या ऐकून घेतल्या होत्या. शुद्धीवर आल्यावर तिची माफी मागायची राहिली.”

संयुक्ता कॅप्टनच्या दारासमोर मांडव घातला होता. काचेच्या शीतपेटीत म्हातारी निजलेली, अंगावर मोगऱ्याचे हार. भाचा मांडवात प्लास्टिकच्या खुर्च्या लावत होता. आपली मावशी फौजेत नक्की काय होती हे त्याला धड ठाऊकही नव्हतं. पेटीच्या पायथ्याशी वसंता मॅडम उभ्या होत्या. करडी साडी, छातीवर डाव्या बाजूला सात पदकं. आम्हाला पाहून त्यांनी नुसती मान हलवली, जणू आम्ही वेळेवर ड्युटीवर हजर झालो होतो.

आम्ही झेंडा घातला: लाल, गडद निळा, आकाशी. हुद्द्यानं त्याच वरिष्ठ, म्हणून हुकूम त्यांनी दिला.

“परेड, सावधान!”

परेड म्हणजे मी, राममूर्ती, आणि अलकनंदासकट महिला विभागाच्या सहा जणी, चपला काढून ओळीत उभ्या. त्या हाकेनं गल्लीतले ढोलवाले वाजवायचे थांबले. राममूर्तीनं बिगूल लावला. कवळीमुळं मधला एक सूर फुटला, पण त्यानं शेवटपर्यंत नेला. सॅल्यूट झाला. मॅडमनी हात खाली आणला आणि झेंड्याची चुणी सरळ केली.

दुपारी साहेब माझ्या घरी आले. स्वतः आले, निरोप्या पाठवला नाही. दारातच उभे राहिले.

“किल्ली,” म्हणाले.

मी दिली.

“का केलंस?”

“करायला हवं होतं, साहेब. आठ महिने उशीरच झाला.”

पुढच्या कमिटीत माझं सचिवपद गेलं. त्याचं दुःख झालं नाही असं म्हणणार नाही. नऊ वर्षं त्या टेबलाशी बसलो होतो. पण राममूर्तीनं आता कॅरमवर एक कोरा कागद ठेवला. घटनेप्रमाणं तीस सह्या जमल्या की विशेष सभा बोलवावी लागते. जो कॅरम खेळायला येई त्याच्या हातात स्ट्रायकर देण्याआधी राममूर्ती पेन देई. दोन आठवड्यांत एकतीस सह्या झाल्या.

एप्रिलमध्ये विशेष सभा भरली. ठराव एका ओळीचा: तिसऱ्या कलमात ‘सैनिक’च्या जागी ‘सैन्यात सेवा केलेली व्यक्ती’ असं घालावं. दोन तृतीयांश मतं हवीत. मॅडम नेहमीसारख्या खिडकीत.

राममूर्ती बोलायला उठला. त्यानं आयुष्यात भाषण केलेलं नव्हतं. “साहेब,” त्यानं गुरुमूर्तींना विचारलं, “तुमची बोटं गेली तेव्हा सहा आठवडे तुमची पट्टी कोण बदलत होतं?”

“नर्सिंग असिस्टंट,” साहेब म्हणाले. “पुरुष होता. नाव शिंगारा.”

सभा हसली. राममूर्ती गोंधळून खाली बसला. मी उठून काहीतरी बोललो, पण जमलं नाही. शहाण्णव जण हजर होते. चौसष्ट मतं हवी होती, पडली सत्तावन्न. साहेबांनी मोजणी दोनदा केली, दुसऱ्यांदा आमच्या बाजूच्या माणसाकडून करून घेतली. मग घंटा वाजवली.

मी बाहेर व्हरांड्यात गेलो. “हरलो, अक्का,” म्हणालो. मॅडम म्हणायचं त्या दिवशी सुटलं ते सुटलंच.

“हरलों कुठें?” त्या म्हणाल्या. “सत्तावन्न माणसांनी हात वर केला. मी जूनमध्यें आलें तेव्हां एकही नव्हता.” त्यांनी पिशवी खांद्याला लावली. “पुढचा रविवार कोणता? सात तारीख. येतें.”

आणि सात मेला आल्या. दहाला दोन मिनिटं कमी असताना त्या खिडकीत होत्या. मी सभागृहाच्या दारापाशी गेलो, आत आपली खुर्ची पाहिली, आणि मला आत पाय टाकवेना. वळलो, जाऊन त्यांच्याशेजारी उभा राहिलो.

“तुम्मी सभासद आहां. आंत जा,” त्या म्हणाल्या.

“कलमात सभासदानं आत बसलंच पाहिजे असं काही लिहिलेलं नाही.”

त्या पहिल्यांदाच मोठ्यानं हसल्या. थोड्या वेळानं राममूर्ती बाहेर आला, गुडघे चोळत. जूनला आम्ही नऊ झालो. आतल्यांना आधी गंमत वाटली, मग राग आला, मग लाज वाटू लागली. कारण व्हरांड्यात बरं चाललं होतं. अक्का कुणाचा रक्तदाब विचारायच्या, कुणाला साखरेच्या गोळीची वेळ चुकल्याबद्दल सगळ्यांदेखत खडसवायच्या. बाहेर हशा व्हायचा आणि आत साहेब मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायचे. कॉफीचा ट्रे घेऊन येणाऱ्या अलकनंदाला आधी व्हरांडा लागे, मग सभागृह. ती बाहेरच रिकामा करायची.

जुलैच्या पहिल्या रविवारी आम्ही तीस जण बाहेर होतो. आत साहेबांनी घंटा वाजवली आणि हजेरी मोजली. पुन्हा मोजली. एकशे ऐंशी सभासदांची संघटना. साठ जण आत असल्याशिवाय सभा कायदेशीर होत नाही. आत एकावन्न होते.

साहेब दारात आले. “आत या,” म्हणाले. “सव्वीस जुलैचा कार्यक्रम ठरवायचाय. कारगिलचा दिवस आहे.”

कुणी हललं नाही. मी म्हणालो, “साहेब, ज्यांनी कारगिलची पोरं सांभाळली त्या इथं बाहेर आहेत. मग कार्यक्रमही इथंच ठरवू.”

त्यांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता ओरडतील. पण माणूस सैनिक होता. त्यांनी व्हरांड्यातली माणसं डोळ्यांनी मोजली, अक्कांवर नजर थांबली, मग आत जाऊन त्यांनी नोंद केली: गणपूर्तीअभावी सभा तहकूब. आणि तिथंच, कुणी सह्या न मागता, स्वतःच्या अधिकारात तेरा ऑगस्टला दुसरी विशेष सभा लावली.

तेरा ऑगस्टला अठ्ठ्याऐंशी जण आले. एकोणसाठ मतं हवी होती. भाषणं झालीच नाहीत. हात वर झाले, त्रेसष्ट मोजले गेले. आत टाळ्या वाजल्या. साहेबांचा हात खाली होता.

त्यांनी सभासदपत्र स्वतः लिहिलं, तीन बोटांनी पेन धरून. ते घेऊन खिडकीपाशी न जाता दारातून बाहेर गेले आणि अक्कांच्या हातात दिलं.

“मी विरोधात मत दिलं,” ते म्हणाले.

“माहीत आहे. पाहिलं मी.”

“पुन्हा मतदान झालं तरी विरोधातच देईन.”

“द्या,” अक्का म्हणाल्या. “मत तुमचं आहे. पण या पत्रावर ‘श्रीमती वसंता राव’ लिहिलंय. माझा हुद्दा राहिला.”

सगळी सभा दारा-खिडक्यांतून बघत होती. साहेबांनी पत्र परत घेतलं, ‘श्रीमती’ खोडून वर ‘मेजर’ लिहिलं, खाली सही केली, तारीख घातली. मग टाचा जुळवल्या आणि सॅल्यूट ठोकला. नियमानं वरिष्ठाला करतात तसा, काही कमी नाही, काही जास्त नाही. अक्कांनी तो तसाच परत केला आणि आत जाऊन पहिल्या रांगेत बसल्या.

आता कुणाला वाटेल, इथं गोष्ट संपली. मलाही वाटलं होतं. येत्या आठ मार्चला तुमचा सत्कार करू, शाल-श्रीफळ देऊ, असं कमिटीनं कळवलं. त्यांनी उत्तर पाठवलं की सत्कार नको, सभागृहात बायकांसाठी स्वच्छतागृह बांधा. ते बांधलं. मग पुढच्याच महिन्यात त्यांनी आपला पहिला ठराव टाकला: सभासद वारल्यावर त्याच्या विधवेला त्याच्या जागी पूर्ण सभासदत्व आणि मत मिळावं.

ठराव पडला. आमच्या त्रेसष्टांपैकी वीसएक जण या वेळी फुटले; नर्स ठीक, पण विधवा म्हणजे फारच, असं त्यांचं म्हणणं. गेल्या वर्षी अक्कांनी पुन्हा मांडला, पुन्हा पडला, पण चार मतं वाढली. गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्यानंतर पाचव्या आठवड्यात त्या काठी टेकत सभेला आल्या आणि कुणी मदतीला हात दिला तर काठीनंच बाजूला सारला. महिला विभागातल्या सात विधवांच्या घरी त्या एकेक करून जाऊन आल्या. नवरा कुठल्या युनिटात होता, हे त्यांनी कुणालाच विचारलं नाही. तुला मत दिलं तर तू कशासाठी वापरशील, एवढंच विचारलं आणि उत्तरं वहीत उतरवून घेतली.

येत्या रविवारी तो ठराव तिसऱ्यांदा येतोय. गुरुमूर्ती साहेब विरोधात मत देणार, त्यांनी मला कालच बाजारात सांगितलं. मी बाजूनं देणार. काल संध्याकाळी अक्का आमच्याकडं आल्या होत्या, अलकनंदाशी स्वयंपाकघरात काहीतरी कुजबुज चालली होती. मी विचारलं तेव्हा अलकनंदा हात पुसत बाहेर आली.

“रविवारी कॉफी-सुंडल मिळणार नाही,” ती म्हणाली. “चूल आम्ही पेटवणारच नाही. सभा किती वेळ चालते बघू.”